मशीनवर जाणारा कागद

सकाळी ८.१०

उद्या गुरुवार, भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. त्यामुळे बुधवारी सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. गाडी लावली आणि डिझाइनचा जिना चढण्याआधी नेहमीसारखी शॉपमध्ये गेले. आयटीआयतून ड्राफ्ट्समन मेकॅनिकल करून बाहेर पडले त्याला एकवीस वर्षं झाली. पहिल्या नोकरीपासून हा शिरस्ता आहे. आपण दिलेल्या ड्रॉइंगचं मशीनवर काय झालं ते आधी बघायचं आणि मग नवीन काढायला बसायचं.

व्हीएमसी मशीनवरचा मुलगा लातूरकडचा आहे. मशीनच्या दारावर मॅग्नेटनं लावलेली ए३ प्रिंट त्यानं काढून माझ्यापुढे धरली. प्रिंटवर निळ्या पेनानं एक गोल केला होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह.

“ताई, डॉवेलची भोकं ह्या कडेपासनं धरायला सांगितलीत. कड तर कच्ची हाय. एका नगाला एक येतंय, दुसऱ्याला दुसरंच.”

त्याचं बरोबर होतं. जॉब म्हणजे कास्ट आयर्नचं हाऊसिंग. डॉवेलची पिन ८ मिलिमीटरची, तिचं भोक ८ एच७, म्हणजे ८.००० ते ८.०१५ या दरम्यान बसलं पाहिजे. भोकाची जागा अधिक-उणे ०.०२मध्ये. आणि एवढं नाजूक माप आम्ही मोजायला सांगितलं होतं ते साच्यातून आलेल्या खडबडीत कडेवरून, जी दर नगाला मिलिमीटरभर सहज इकडेतिकडे होते.

ड्रॉइंग आमच्याकडच्या नवीन मुलानं काढलं होतं, तपासून सही मी केली होती. चूक कुठून आली ते तिथे उभ्याउभ्याच लक्षात आलं. सॉलिडवर्क्समध्ये एक सोय आहे: एक कमांड दिली की मॉडेल बनवताना वापरलेली मापं आपसूक ड्रॉइंगवर येऊन बसतात. मॉडेल करताना त्या मुलानं भोकांचं स्केच त्या कडेपासून मांडलं होतं, म्हणून ड्रॉइंगवरही माप त्या कडेवरूनच आलं. आकडा बरोबर होता. पण स्क्रीनवर वस्तू ज्या क्रमानं घडली त्या क्रमातलं ते माप होतं. मशीनवर ती कशी धरणार, ऑपरेटर शून्य कुठे लावणार, हा विचार त्यामागे कोणीच केलेला नव्हता. तो करायचा होता मला.

“बोअरच्या सेंटरपासून घ्यायचं,” मी म्हटलं, “पण आत्ता लावू नकोस. सुधारलेली प्रिंट देते, मग कर.”

तोंडी सांगितलेलं माप दुसऱ्या शिफ्टला पोचत नाही. चुकीची प्रिंट हातात घेऊनच वर आले.

९.००

ते दुरुस्तीचं काम वीस मिनिटांत झालं, पण प्रिंट द्यायची ती आमची ड्रॉइंग तपासायला येणाऱ्या काकांनी पाहिल्यावर. ते आठवड्यातून तीन दिवस येतात, दुपारी.

आजचं मुख्य काम वेगळं आहे. कन्व्हेयरच्या शाफ्टसाठी नवीन बेअरिंग हाऊसिंग, ओतीव, एका बाजूनं आधाराची रिब, वरून पत्र्याचं गार्ड. मॉडेल काल संध्याकाळी पूर्ण झालं. आज त्याची ड्रॉइंग काढायची: कास्टिंगचं वेगळं, मशीनिंगचं वेगळं, गार्डचं वेगळं. शुक्रवारी सकाळी पॅटर्नवाल्याच्या हातात कागद हवा.

मॉडेल तयार आहे म्हटल्यावर आता काय राहिलं, असं घरचे नेहमी विचारतात. स्क्रीनवर वस्तू खरीखुरी दिसते. माउसनं फिरवा, आतून बघा, वजनसुद्धा सांगते. पण पॅटर्न करणारा सुतार, लेथवरचा माणूस, व्हर्निअर आणि बोअर गेज घेऊन बसलेली क्वालिटीतली मुलगी, यांच्यापुढे ती स्क्रीन नसते. त्यांच्यापुढे असतो कागद, आणि कागद सपाट. घन वस्तू या सपाट कागदावर अशी उतरवायची की तिघांच्याही मनात तीच एक वस्तू उभी राहिली पाहिजे. माझं काम एवढंच आहे आणि ते मला आजही कंटाळवाणं वाटत नाही.

पहिला निर्णय: समोरचं दृश्य कुठलं? सॉफ्टवेअर विचारतं, फ्रंट, टॉप की राइट. पण त्याचा फ्रंट म्हणजे मॉडेल करणाऱ्यानं पहिलं स्केच ज्या प्लेनवर काढलं तो. तो घ्यायचाच असं नाही. मी बघते की वस्तू जागेवर कशी बसणार आहे आणि कुठल्या बाजूनं तिचा स्वभाव कळतो. हाऊसिंगचा पाया खाली, बोअरचं गोल तोंड समोर, रिब मागे. फ्रंट ठरला की बाकीचे व्ह्यू माउस सरकवताच त्याच्या रेषेत उतरतात.

ते उतरताना आत काय होतं ते समजून घेतल्यापासून मला या क्षणाचं अप्रूप जास्त वाटतं. वस्तूची प्रत्येक कड त्या दिशेनं एका प्रतलावर टाकली जाते. कडेचा कुठला तुकडा दुसऱ्या कशाच्या आड जातो हे मोजून दिसणारा तुकडा अखंड रेषेनं आणि झाकलेला तुटक रेषेनं काढला जातो. गोल शाफ्ट बाजूनं पाहिला तर दोन सरळ रेषा दिसतात, पण शाफ्टवर तशी कड कुठेच नसते. ती रेषा बघण्याच्या दिशेमुळे तयार होते आणि सॉफ्टवेअरला ती दर व्ह्यूला नव्यानं शोधावी लागते. आयटीआयत मिनिड्राफ्टर आणि एच पेन्सिल घेऊन हेच काम मी डोक्यानं करत असे, एका वस्तूला अख्खी दुपार जायची.

ही पद्धत शास्त्र म्हणून बांधली ती फ्रान्सच्या गास्पार मोंजनं. १७४६ सालचा जन्म. बाप फिरता व्यापारी, त्यामुळे मेझिएरच्या लष्करी विद्यालयात त्याला अधिकारी होण्याचा मार्ग बंद. घेतलं ते ड्राफ्ट्समन म्हणून. किल्ल्याच्या भिंती कुठे किती उंच हव्यात हा प्रश्न तेव्हा लांबलचक आकडेमोडीनं सोडवत. मोंजनं तो रेषा काढून इतक्या लवकर सोडवला की वरिष्ठ आधी तपासायलाच तयार होईनात. एवढ्या वेळात हे होणं शक्य नाही म्हणाले. तपासल्यावर मात्र ती युक्ती लष्करी गुपित ठरली आणि अनेक वर्षं बाहेर येऊ दिली नाही. त्याची व्याख्यानं पुस्तकरूपानं निघाली ती १७९९ मध्ये. मोंजनं सुरुवात केली ती आमच्याच टेबलावरून, हे मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते.

९.५०

व्ह्यू ठेवले, आणि पुढे काही करण्याआधी शीटच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन प्रोजेक्शन बघितलं. फर्स्ट अँगल. मग खाली उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह बघितलं. तेही फर्स्ट अँगलचं. ठीक.

ही सवय मला फार महागात पडून लागली आहे. आपल्याकडे आणि युरोपात फर्स्ट अँगल चालतो: वरून दिसणारं दृश्य फ्रंटच्या खाली काढायचं, डावीकडून दिसणारं उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल: वरचं वर, उजवीकडचं उजवीकडे. दोन्ही पद्धतींत व्ह्यू तेच असतात, फक्त जागा बदलतात. वस्तू दोन्हीकडून सारखी असेल तर काहीच बिघडत नाही. पण डावं-उजवं असलेली वस्तू असेल आणि काढणाऱ्यानं एक पद्धत धरली, वाचणाऱ्यानं दुसरी, तर तयार होते ती आरशातली वस्तू. सगळी मापं बरोबर, आणि तरीही भंगार.

तेरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी होते. अमेरिकन ग्राहकाचं काम होतं. मी त्यांचं टेम्प्लेट घेऊन त्यात आपला टायटल ब्लॉक बसवला. शीटची प्रॉपर्टी थर्ड अँगलची राहिली, टायटल ब्लॉकमधलं चिन्ह फर्स्ट अँगलचं आलं. सॉफ्टवेअरला यात काही वावगं दिसत नाही. तिथलं चिन्ह म्हणजे त्याच्या लेखी काढलेलं एक चित्र, त्याचा प्रॉपर्टीशी काही संबंध नाही. फिटरनं चिन्ह वाचलं, जसं वाचायला शिकला होता तसंच वाचलं. उजव्या हाताचे सोळा ब्रॅकेट हवे होते, सोळाच्या सोळा डाव्या हाताचे झाले. वेल्डिंग करून, भोकं मारून, रंग देऊन. मी ते ओळीनं रचलेले पाहिले. फिटर मला एक शब्द बोलला नाही, उलट मलाच पाणी आणून दिलं. तो माणूस मी विसरले नाही.

१०.३०

आता सेक्शन. हाऊसिंगच्या आत काय आहे ते तुटक रेषांनी दाखवायला गेलं तर कोळ्याचं जाळं होतं. म्हणून मधोमध कापल्याचं दाखवायचं. आमचे आयटीआयचे सर पहिल्या तासाला बटाटा आणि सुरी घेऊन आले होते: कापला, कापलेल्या बाजूला शाई लावली, कागदावर दाबला आणि म्हणाले, हा तुमचा सेक्शन, शाई लागली तेवढ्या भागाला हॅच. पंचेचाळीस अंशांच्या त्या तिरक्या रेषा म्हणजे “इथे धातू आहे, इथून कापलाय”.

सेक्शनची रेषा बोअरच्या मध्यातून टाकली आणि जी भीती होती तेच झालं. रेषा रिबच्या लांबीवरून गेली आणि सॉफ्टवेअरनं रिबलाही हॅच मारलं. भूमितीच्या हिशोबानं बरोबर, कारण कापलं तर ती कापली जातेच. पण ड्रॉइंगच्या रिवाजात लांबीनं कापलेल्या रिबला हॅच करत नाहीत. शाफ्ट, बोल्ट, पिन, चावी यांनाही नाही. कारण साधं आहे. १० मिलिमीटर जाडीची रिब हॅच केली की बघणाऱ्याला तिथे अख्खी भरीव भिंत वाटते. पॅटर्नवाला फसला तर कास्टिंग दीडपट वजनाचं येईल, आणि जाड भाग शेवटी थंड होताना आत पोकळी धरेल.

सॉफ्टवेअरला हा रिवाज माहीत आहे. सेक्शन घेताना ते विचारतं की कुठल्या रिब वगळू. पण रिब ही “रिब” म्हणून काढली असेल तरच तिला ओळखतं. नवीन मुलानं ती साध्या एक्स्ट्रूडनं उचललेली. आकार तंतोतंत तोच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी नुसता एक ठोकळा. त्याला बोलावलं, शेजारी बसवलं. हातानं हॅच पुसून रेषा मारता आल्या असत्या, पाच मिनिटांत काम झालं असतं. मी त्याला मॉडेलमध्ये परत पाठवलं आणि रिब नीट रिब म्हणून करायला लावली. ड्रॉइंगवर हातानं झाकलेली गोष्ट पुढच्या बदलाला उघडी पडते.

त्याला वाईट वाटलं असावं. चहा आला तेव्हा मी त्याला सोळा ब्रॅकेटची गोष्ट सांगितली.

११.२०

मापं आणि टॉलरन्स. दिवसातला माझा सगळ्यात आवडता वेळ, या दोन तासांत मी फोन उलटा ठेवते.

शाफ्टवर ६२०५ नंबरचं बेअरिंग आहे: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५. मॉडेलमध्ये हाऊसिंगचं बोअर आहे बरोबर ५२.०००. असं बोअर कुठल्याच मशीनवर होत नाही. किती कमी-जास्त चालेल हे मॉडेलच्या आकारात कुठेच दिसत नाही, ते कागदावर लिहावं लागतं. ५२ एच७ लिहिलं: शून्य ते अधिक ०.०३०. शाफ्टला २५ के६: अधिक ०.००२ ते अधिक ०.०१५, म्हणजे बेअरिंग शाफ्टवर किंचित घट्ट बसेल आणि हाऊसिंगमध्ये हातानं दाबून जाईल. पायापासून बोअरच्या सेंटरची उंची ७०, अधिक-उणे ०.०२, कारण दुसऱ्या टोकाच्या हाऊसिंगशी ती जुळली पाहिजे.

मग एक कोपरा, ज्याच्यासाठी मी पंधरा मिनिटं दिली. बोअरच्या तळाशी खांदा आहे, बेअरिंग त्याला टेकतं. बेअरिंगच्या कडेची गोलाई किमान १ मिलिमीटर असते. हाऊसिंगच्या कोपऱ्यातली गोलाई त्याहून मोठी राहिली तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही; गोलाईवर चढून बसतं, वाकडं राहतं आणि काही महिन्यांत आवाज करायला लागतं. कोणी लिहिलं नाही तर बोअरिंग बारच्या टिपेची जी गोलाई असेल ती तिथे उतरणार. सेक्शनमध्ये हा कोपरा टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. म्हणून त्याच्याभोवती वर्तुळ काढून वेगळा डिटेल व्ह्यू घेतला, ५:१ स्केलचा, आणि त्यावर लिहिलं: आर ०.८ कमाल.

बाकीच्या मापांना टॉलरन्स लिहीत नाही; त्यांना टायटल ब्लॉकजवळची ओळ लागू होते, आयएसओ २७६८ मध्यम. पायाच्या पट्टीवर ओळीनं सहा भोकं आहेत, ४० मिलिमीटर अंतरानं. ती साखळीनं दिली, म्हणजे ४०, ४०, ४० अशी, तर दर टप्प्याला अधिक-उणे ०.३ सूट मिळते आणि पाच टप्प्यांनंतर शेवटच्या भोकापाशी ती दीड मिलिमीटर होते. तीच भोकं पहिल्या भोकापासून ४०, ८०, १२० करत दिली तर २०० च्या मापाला सूट फक्त अर्धा मिलिमीटर. चित्र तेच, आकडेही तसे तेच. कुठून मोजायचं एवढंच मी ठरवते, आणि ऑपरेटरही मशीनवर तसंच एका शून्यापासून मोजत असतो.

१.००

डबा. मेथीची भाजी, भाकरी. नवीन मुलगा म्हणाला, “मॅडम, पुढे ड्रॉइंग राहणारच नाहीत. मॉडेलवरच टॉलरन्स लिहून थेट मशीनला देता येतं.” खरं आहे. त्याचं अमेरिकन मानक २००३ मध्येच आलं आणि मोठ्या कंपन्यांत ते चालतंही. मला त्याचा आनंदच आहे. पण आमचा पॅटर्नवाला, प्लेटिंगवाला, चार लेथांचा गाळा चालवणारा माणूस अजून कागद मागतो. तो घडी घालून खिशात ठेवतो, तेलाच्या हातानं उघडतो. आणि मॉडेलवर लिहायचं झालं तरी कुठल्या बाजूवरून मोजायचं हे कोणीतरी ठरवावंच लागेल. मुलगा विचारात पडला. लोणचं त्याच्या डब्यातलं होतं, चांगलं होतं.

२.००

पत्र्याचं गार्ड. इथे “सपाट” शब्दाचा अर्थच वेगळा. हे वस्तूचं दृश्य नव्हे, वाकवण्याआधीचा खरा पत्रा. सॉफ्टवेअर घड्या उलगडतं आणि लेझरला द्यायचा आकार काढून देतं.

पत्रा २ मिलिमीटरचा, आतली गोलाई २, घड्या चार. वाकताना पत्रा बाहेरून ताणतो, आतून दबतो. मध्ये कुठेतरी न ताणलेला न दबलेला एक थर असतो. तो जाडीच्या किती भागावर आहे हे सांगणारा आकडा म्हणजे के फॅक्टर. आमच्या प्रेस ब्रेकवर या पत्र्याला ०.४४ जमतो, तुकडे वाकवून मोजून ठरवलेला. त्यानं नव्वद अंशांच्या एका घडीला ४.५२ मिलिमीटर पत्रा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेटचा ०.५ तसाच राहिला असता तर ४.७१ आला असता. एका घडीला फरक दोन दशांशही नाही, पण चार घड्यांना पाऊण मिलिमीटर. एम६ बोल्टसाठी ६.६चं भोक आहे. पाऊण मिलिमीटर सरकलं की बोल्ट जात नाही, आणि मग फिटर कानस घेतो.

लेझरची डीएक्सएफ फाइल काढताना दोन गोष्टी बघितल्या. स्केल १:१ आहे ना, कारण शीटच्या १:२ स्केलवर फाइल गेली तर अर्ध्या मापाचं गार्ड कापून येतं. आणि घड्यांच्या रेषा फाइलमधून काढल्या आहेत ना. त्या राहिल्या तर लेझर त्यांना कापायचीच रेषा समजतो.

३.१५

काका आले. ड्रॉइंग बोर्डावर, ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनांनी काम केलेला माणूस. चुकलेली रेषा अर्ध्या ब्लेडनं खरवडून पुन्हा काढायची, अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळे चुरचुरायचे, हे सगळं त्यांच्या बोलण्यात असतं. स्क्रीनवर ते तपासत नाहीत. ए३ प्रिंट, लाल पेन आणि पिवळा हायलायटर.

त्यांची तपासण्याची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. एकेका व्ह्यूवर तळहात ठेवून झाकतात आणि उरलेल्यांवरून वस्तू कळते का बघतात. कळली, तर झाकलेला व्ह्यू कशाला? मी दिलेला डावीकडचा व्ह्यू त्यांनी झाकला. मिनिटभर गप्प.

“अगं, ह्यात नवीन काय सांगितलंयस?”

काहीच नव्हतं. एका माउसच्या हालचालीत व्ह्यू मिळतो म्हणून मी तो ठेवला होता. हातानं काढायचा असता तर काढलाच नसता. उडवला. जागा झाली, डिटेल व्ह्यू मोठा झाला.

मग प्रत्येक मापावर पिवळी खूण करत गेले. एम८ च्या आट्यांवर थांबले. “भोक किती खोल आणि आटे किती खोल?” मी आट्यांची खोली दिली होती, ड्रिलची राहिली होती. टॅप तळापर्यंत आटे पाडू शकत नाही, ड्रिल थोडं जास्त खोल जावं लागतं. ते न लिहिलं तर टॅप तळाला टेकून मोडतो आणि कास्टिंग हातचं जातं. आटे १६, ड्रिल २२. लिहिलं.

सकाळच्या डॉवेलच्या ड्रॉइंगवर त्यांनी सही केली. रिव्हिजन बीची सी झाली, बदलाच्या रकान्यात ओळ घातली: डॉवेलची मापं बोअर सेंटरपासून. खाली जाऊन मुलाला नवी प्रिंट दिली, जुनी त्याच्यादेखत फाडली. मशीनवर दोन रिव्हिजन एकत्र असू नयेत. त्यानं नवी प्रिंट वाचली, “आता लागतंय,” म्हणाला आणि दाराला लावली.

४.४०

ग्राहकाचा मेल. लोड वाढलाय, बेअरिंग ६२०५ ऐवजी ६२०६ घ्या.

म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, रुंदी १६. बोअर १० मिलिमीटरनं वाढलं. त्याभोवतीच्या गोल उंचवट्याचा, म्हणजे बॉसचा, व्यास ७६ होता. भिंत १२ वरून ७ वर आली असती. बॉस ८६ केला, भिंत पुन्हा १२. त्यासाठी रिबजवळची गोलाई काढून परत टाकावी लागली. मॉडेल सुधारायला पंचवीस मिनिटं.

ड्रॉइंग उघडलं तर सगळी शीट आपोआप बदललेली. ही किमया मला दर वेळी सुखावते; काकांच्या काळात याला दोन दिवस आणि नवा ट्रेसिंग पेपर लागला असता. पण आपोआप बदललेल्या ड्रॉइंगवर तशीच सही करायची नसते. गोलाईच्या कडांना बांधलेली पाच मापं सुटली होती, मातकट रंगाची होऊन लटकत होती. ती डोळ्याला तरी दिसतात. डिटेल व्ह्यूचं वर्तुळ मात्र जिथे काढलं होतं तिथेच राहिलं होतं. बोअरचा कोपरा पाच मिलिमीटर बाहेर सरकला आणि वर्तुळातून निघून गेला. शीटवर नाव होतं “डिटेल ए, ५:१”, आणि आत नुसती हॅच. आर ०.८ चं माप निराधार. कुठलाही इशारा आला नाही. मी नजरेनं शोधलं म्हणून सापडलं.

टॉलरन्सही परत काढले. ६२ एच७ लाही शून्य ते अधिक ०.०३०च, कारण ५० ते ८० हा एकच टप्पा आहे. ३० के६ चेही आकडे २५ चेच. तरी तक्ता उघडून बघितले. पाठ आहे म्हणून लिहायचं नाही, हे काकांनी शिकवलंय.

६.२०

काका सहाला जाणार होते, थांबले. सगळी शीट पुन्हा पहिल्या मापापासून पिवळी केली. बदललेलं तेवढंच तपासा असं मी म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. सव्वासातला पीडीएफ काढल्या, पॅटर्नवाल्याला कास्टिंगचं ड्रॉइंग गेलं, लेझरवाल्याला डीएक्सएफ आणि त्यासोबत मापांची पीडीएफ, म्हणजे कापून आल्यावर त्याला ताडून बघता येईल. नवीन मुलगा शेवटपर्यंत बसला होता. प्रिंट निघाल्यावर त्यानं न सांगता एका व्ह्यूवर तळहात ठेवून बघितलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी या कामात असेल तर एक विनंती आहे. शुक्रवारी कामावर गेलात की आपलं ड्रॉइंग टेम्प्लेट उघडा, शीटच्या प्रॉपर्टीमध्ये प्रोजेक्शन कुठलं आहे ते बघा आणि उजव्या कोपऱ्यातल्या शंकूच्या चिन्हाशी ताडून घ्या. एक मिनिट लागतं.